मेंदूतला गुंता आणि त्यावरचा फुगा

धाकटी पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर आषाढी एकादशीला मोठी गर्दी होते. गर्दीत कुणाला फिट आली की लोक कांदा हुंगवतात, तोंडात पाणी घालतात. कृपा करून तसं करू नका. माणसाला कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा.

काही फिटांमागे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी असते, बहुधा जन्मापासूनची. एरवी धमनीतलं रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांतून जातं, तिथं त्याचा जोर ओसरतो, मग ते शिरेत उतरतं. इथं केशवाहिन्याच नसतात. धमनी थेट शिरेला भिडते आणि तिथं वाहिन्यांचा गुंता होतो. गुंत्याकडे जाणाऱ्या धमनीवर सतत ताण येतो. मग सायकलच्या ट्यूबला झिजल्या जागी यावा तसा तिच्या भिंतीला फुगा येतो. अशा रुग्णांपैकी साधारण 10 ते 20 टक्क्यांत हे फुगे सापडतात.

गुंता किंवा फुगा फुटला, तर मेंदूत रक्तस्राव होतो. तो गुंत्यातून झाला की फुग्यातून, हे आधी ठरवावं लागतं. सीटी स्कॅनमध्ये सांडलेलं रक्त दिसतं, तर फुगा नेमका कुठं आहे ते अँजिओग्राफी दाखवते. ती मेंदूसाठी 1927 साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी प्रथम केली. रक्त फुग्यातून आलं असेल, तर सहसा आधी त्याचाच बंदोबस्त करतात: कवटी उघडून क्लिप, किंवा जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन आत कॉइल.

क्षणात उठलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, सोबत उलटी, मान ताठ... ही अशा रक्तस्रावाची खूण असू शकते, उन्हाची भोवळ समजू नका. मनानं अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नका, थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.