तीजनबाईंची उसनी भांडी



भिलाईत आलं की पोलाद कारखान्याचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे तुम्हाला पाठच असेल. पुढे याच कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंबद्दल आज बोलावंसं वाटतंय. गनियारी गावच्या पंडवानी गायिका तीजनबाई.

पारधी घरातली पोर. आजोबा ब्रिजलाल महाभारत गायचे. ऐकून ऐकून ते तिला तोंडपाठ झालं. महाभारताच्या कथा गाण्याच्या या प्रकाराला पंडवानी म्हणतात. बायकांनी ती बसून गायची, असा रिवाज. तीजन उभी राहिली. हातातला मोरपिसं लावलेला तंबुरा क्षणात भीमाची गदा, क्षणात अर्जुनाचा रथ! बाराव्या वर्षी लग्न झालं होतं. गाते म्हणून समाजाने वाळीत टाकलं. तिने स्वतःच्या हाताने झोपडी उभी केली, शेजाऱ्यांकडून भांडी आणि धान्य मागून आणलं, आणि गाणं सोडलं नाही. तेराव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम, बिदागी १० रुपये. २०१९ साली पद्मविभूषण.

पुरस्कारांची यादी सगळेच सांगतात. मला ती मागून आणलेली भांडी फार मोलाची वाटतात. काय गायचं, कसं गायचं, हे तिचं तिने ठरवलं आणि त्याची किंमतही तिनेच मोजली. पण शेजारणीच्या दारात जाऊन ‘पातेलं देता का?’ म्हणायला ती लाजली नाही. स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे कुणाचीच गरज नसणं, असं आपण उगाच धरून चालतो.

म्हणूनच क्लासच्या चाचणीत मार्क कमी पडले की आपल्यातली कितीतरी मुलं खोलीचं दार लावून घेतात. आईने विचारलं की तिच्यावरच खेकसतात. मुलांनो, राहिलेला अभ्यास तुमचाच आहे. त्याचं खापर क्लासवर किंवा घरच्यांच्या कटकटीवर फोडू नका. पण ‘मला हे जमत नाहीये, जरा मदत कर’ असं वेळेवर सांगणं, हीसुद्धा तुमचीच जबाबदारी. मित्राशी अबोला धरला असेल, तर उद्या तुम्हीच आधी हाक मारा.

आणि पालकहो, मूल असं काही सांगायला आलं, तर लगेच मार्क विचारू नका, शेजारच्या मुलाचं नाव काढू नका. हातातला मोबाइल बाजूला ठेवा आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.