ठाऊक असलेल्या गोष्टीचं भय



1964 साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. मूळ कादंबरी जयंत देवकुळे यांची, 'आशा परत येते'. एका वकिलाची बायको जग सोडून जाते. तो त्या दुःखात असतानाच पोलीस एका बाईला पकडतात. चेहरा हुबेहूब बायकोचा, आणि ती ठासून सांगते, मी यांचीच बायको. काशिनाथ घाणेकर वकील, अभिनेत्री भावना ती बाई. पुढचं सांगणार नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा आनंद मला हिरावायचा नाही.

पण शेवट ठाऊक असूनही हा सिनेमा पुन्हा पाहताना छातीत धडधडतं. गुपित फुटलं की रहस्यपटातली जान जायला हवी. इथे ती जात नाही. का?

उत्तर मला आमच्या औंधात सापडतं. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः कीर्तन करत, असं हे गाव. आख्यानातली गोष्ट कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला पाठ. द्रौपदीला वस्त्रं पुरवली जाणार हे शाळकरी पोरालाही माहीत. तरी दुःशासनाचा हात पदराला लागतो आणि बुवा नेमके तिथेच आख्यान थांबवून भजन धरतात. झांजांची लय वाढत जाते, माणसं बसल्या जागी पुढे सरकतात, आणि पदर दुःशासनाच्या मुठीत तसाच. पुढचं ज्याला ठाऊक, तोच जास्त कासावीस होतो.

याच औंधात ग. दि. माडगूळकर शिकले. आटपाडीजवळचं त्यांचं माडगुळे औंध संस्थानातलंच. 'पाठलाग'मधलं आशा भोसले यांचं ते अजरामर गाणं त्यांचं, चाल दत्ता डावजेकरांची. माझे डोळे पाखरं होऊन तुमच्याभोवती फिरत राहतील, असं बायको नवऱ्याला सांगते. संसार सुखाचा असताना हे प्रेमाचं वचन. तेच गाणं ती गेल्यावर आठवा, अंगावर काटा येतो. शब्द तेच, सूर तेच. आपल्याला जे कळलेलं असतं, त्यानं गाणं पालटतं.

कोर्टातल्या प्रसंगांतही हीच ताकद आहे. घराच्या चार भिंतींआडच्या खुणा ती बाई सांगू लागते. ही खोटी ठरावी, असं त्याच्यातल्या वकिलाला वाटतं, आणि खरी निघावी, असं नवऱ्याला. दुसऱ्यांदा पाहताना तिच्याकडे नव्हे, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

हिचकॉकच्या 1958 च्या 'व्हर्टिगो'तही गेलेली बाई त्याच चेहऱ्यानं समोर येते. ही बाई, ज्युडी, पत्र लिहिते आणि फाडून टाकते, तिथेच हिचकॉक प्रेक्षकाला सगळं सांगून मोकळा होतो. नायक मात्र अंधारात. तिथून पुढे आपला जीव टांगणीला लागतो तो त्याच्यासाठी. ही तर आपल्या कीर्तनकाराचीच रीत! परांजप्यांनी गुपित राखलं, पण गाण्यातून मनाची तयारी आधीच करून ठेवली.

1966 साली राज खोसलांनी याच कथेवर 'मेरा साया' केला. साधना, सुनील दत्त. त्यातल्या गाण्यात गीतकार राजा मेहदी अली खान यांनी डोळ्यांच्या जागी सावली आणली. मदनमोहनची चाल अप्रतिमच, तरी माझा कौल माडगूळकरांना. सावली नुसती मागून येते, डोळे आपल्याला पाहत असतात. म्हणून 'पाठलाग' बघायला बसाल तेव्हा गाणं लागलं की उठू नका. अर्धी गोष्ट त्या गाण्यातच सांगून होते.