कृपा आणि ऋण



संकटातून सुटलेला माणूस 'देवाने तारले' म्हणून हात जोडतो. ते स्वाभाविकच आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणेशविसर्जन आटोपून किल्लारी-सास्तूरकडची गावे निजली होती. भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. आपण पुसेगावकर त्याच मराठवाड्यातले, आपण वाचलो. मग आपल्यावर कृपा आणि त्यांच्यावर कोप, असे म्हणायचे काय? गणपती त्यांनीही बसवला होताच की! माणसे दडपली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे यांखाली. त्यांच्या पापपुण्याचा येथे संबंध काय?

१६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली; तुकोबा राहिले. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. वाचलेल्याने काय करावे, ते यात आले. 'मीच का वाचलो?' याचा निवाडा आपल्या हाती नाही. मिळालेली कृपा ऋण समजून शेजाऱ्याच्या दारी फेडणे मात्र हाती आहे. आपल्या घासातला घास न देता उच्चारलेली 'देवाची कृपा' दुःखिताच्या कानाला शिवीसारखी लागते.