योग : एक शब्द, अनेक परंपरा



योग जैनांचा की परक्यांचा, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तर शब्दापासूनच शोधावे लागते. वाचक उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात काया, वचन व मन यांची क्रिया म्हणजे योग. कर्माचा आस्रव तिच्यामुळेच होतो. पतंजलींच्या मते मात्र चित्तवृत्तींचा निरोध म्हणजे योग. एकच शब्द एका वहीत नावे, तर दुसऱ्या वहीत जमा!

हा पेच आठव्या शतकात आचार्य हरिभद्रसूरींनी सोडविला. परंपरेनुसार ते मूळचे चितोडचे ब्राह्मण पंडित. दोन्ही दर्शने त्यांना ज्ञात होती. मोक्षाशी जोडणारा सर्व धर्मव्यापार योगच होय, असा अर्थ त्यांनी मांडला आणि ‘योगदृष्टिसमुच्चया’त मित्रेपासून परेपर्यंतच्या आठ दृष्टी पतंजलींच्या अष्टांगांशी जुळविल्या.

त्याला भक्कम आधार होता. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पतंजलींचे यम. तीच आपली पंचमहाव्रते. सार्वभौम यमांना पतंजलीही ‘महाव्रत’ म्हणतात. (आजच्या आसनवर्गांत यमांचा उच्चारही क्वचितच होतो, ही उणीव लहान नव्हे.) मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे बौद्धांचे ब्रह्मविहार योगसूत्रात आहेत, तत्त्वार्थसूत्रात तेच मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य होतात.

तथापि सारे एकच, असे म्हणणेही उथळ ठरेल. पतंजलींचा नित्यमुक्त ईश्वर जैन दर्शनास मान्य नाही. सतराव्या शतकातील उपाध्याय यशोविजयजींनी तेवढ्यावरून योगसूत्र बाजूस सारले नाही; त्यातील निवडक सूत्रांवर जैन दृष्टीने संस्कृत टीका लिहिली आणि जेथे पटले नाही, तेथे आपले मत स्पष्ट नोंदविले.