साम्य म्हणजे सातबारा नव्हे

विघ्नहराच्या ओझरातल्या या अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील वाङ्मयाचा आढावा घेण्याची प्रथा आज मी मोडणार आहे. कोकणीविषयी बरीच वर्षे मनात साचलेले बोलायचे आहे आणि ते मराठी व्यासपीठावरूनच बोलायला हवे.

‘कोकणी ही मराठीची बोली’ हे विधान आपल्याकडे बिनदिक्कत खपते. पुरावा मागितला की साम्यावर बोट ठेवले जाते. साम्य आहेच. तीन लिंगे दोन्हींकडे आहेत, सामान्यरूप दोन्हींकडे आहे. आपण ‘त्याने घोडा पाहिला’ म्हणतो, गोव्यात ‘ताणें घोडो पळयलो’ म्हणतात. क्रियापद दोन्हीकडे कर्माप्रमाणे बदलते. पण याच वाक्यात आपला ‘घोडा’ तिकडे ओकारान्त झाला आहे, गुजरातीत होतो तसा. मग उद्या गुजरातीनेही कोकणीवर हक्क सांगावा काय? इटालियन आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत पुस्तकाला ‘लिब्रो’ म्हणतात. अनेकवचन मात्र एकीत ‘लिब्री’, दुसरीत ‘लिब्रोस’. म्हणून कोणी एकीला दुसरीची बोली ठरवत नाही. दोघी लॅटिनच्या लेकी मानल्या जातात. साम्यातून सामाईक पूर्वज सिद्ध होतो, मालकी नव्हे. साम्य म्हणजे काही सातबारा नव्हे. आपला पूर्वज तर याच जुन्नर तालुक्यात, नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दगडावर कोरलेला आहे, आणि तो लेख प्राकृतात आहे. २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा प्राकृतलाही तो स्वतंत्रपणे मिळाला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

यावर ग्रिअर्सनचा दाखला दिला जातो. त्याने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात कोकणी मराठीखाली घातली, हे खरे. पण पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले सु. मं. कत्रे यांनी १९४२च्या ग्रंथात कोकणीची घडण स्वतंत्रपणे तपासली. त्या ग्रंथाला उत्तर न देता सर्वेक्षणाच्या जुन्या खंडाचा आधार घेणे हा आळस आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गोव्याची ग्रंथपरंपरा मराठीच होती, फादर स्टीफन्सचे १६१६चे ‘क्रिस्तपुराण’ही मराठीत आहे. मान्य. पण त्याच स्टीफन्सने कोकणीचे व्याकरणही लिहिले आणि ते १६४०मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. पुराणासाठी एक भाषा आणि व्याकरणासाठी दुसरी, हा फरक त्याला कळत होता. शिवाय पंडित शतकानुशतके संस्कृतात लिहीत राहिले, म्हणून मराठी संस्कृतची बोली झाली नाही. हा न्याय आपल्याला हवा असेल तर तो कोकणीलाही द्यावा लागेल.

साहित्य अकादमीने १९७५मध्ये, गोव्याच्या कायद्याने १९८७मध्ये आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीने १९९२मध्ये हा वाद व्यवहारात मिटवला. आपल्या वाचनात तो मिटलेला नाही. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठ मिळाले. दोघांचे कोकणी लेखन देवनागरीत आहे, तरी आपण मराठी अनुवादाची वाट पाहतो. काही प्रत्यय, काही सर्वनामे आणि थोडा शब्दसंग्रह एवढ्या शिदोरीवर जुन्नर-आंबेगावचा कुठलाही चांगला वाचक मूळ कोकणीत शिरू शकेल. त्यासाठी एक छोटी वाचनमाला व्हावी. कोणी आणि कशी करायची ते साहित्य परिषदांनी आणि विद्यापीठांनी बसून ठरवावे. तोवर ज्यांना कोकणी आपलीच बोली वाटते, त्यांनी केळेकरांचे एक पान अनुवादाशिवाय वाचून अर्थ सांगावा. जमले, तर एक चांगला लेखक पदरात पडेल. अडले, तर निदान बोली म्हणायचे थांबावे.