सायकलसहलीतील एक धडा



ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील आम्ही मंडळींनी डहाणूहून बोर्डीपर्यंत सायकलसहल केली. हा मुलूख २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. एकीकडे समुद्र व सुरूची बने, दुसरीकडे चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले.

वाटेत एकाचे चाक पंक्चर झाले, म्हणून सारेच एका वाडीत थांबलो. बोर्डीस चिकूपासून वाइन करण्याचा उद्योग निघाल्याचे तेथे कळताच आम्ही वृद्धांनी नाके मुरडली. बागाइतदार नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, पिकलेला चिकू फार दिवस टिकत नाही. भाव पडला की वर्षाचा घाम मातीत जातो.”

आम्ही निरुत्तर झालो. वाइन आम्ही चाखली नाही. परंतु निवाडा देण्यापूर्वी कष्टकऱ्याचा हिशेब ऐकावा, हा धडा जन्मभर शिकविणाऱ्या आम्हांस साठी उलटल्यावर मिळाला. तो आपणांपुढे ठेवून रजा घेतो.