वळण



तीस वर्षं एसीच्या धंद्यात आहे, म्हणून संयोजकांनी मला ‘कंडिशनिंग’ या शब्दावर बोलायला सांगितलं.

‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द आला सूतगिरणीतून. कोरडं सूत तटातट तुटतं, म्हणून त्याला ओलावा देत. त्याला कंडिशनिंग म्हणत. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन अभियंत्यानं तोच शब्द हवेला लावला. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरियरनं यंत्र आखलं ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा, रंग सरकायचे. थोडक्यात, एसी आधी कागदाला मिळाला, साहेबाला नंतर.

मानसशास्त्रात याच शब्दाला ‘अभिसंधान’ म्हणतात. रशियात पाव्हलॉव्ह कुत्र्याला खाणं देण्याआधी ठरावीक आवाज ऐकवत. पुढं नुसत्या आवाजानंच त्याला लाळ सुटू लागली. हसू नका, मधल्या सुट्टीची घंटा झाली की आपल्यालाही भूक लागायचीच!

आपल्याकडं याला साधा शब्द आहे, वळण. आपल्या मुखेड-कंधार भागातला लाल कंधारी गोऱ्हा जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. आधी उड्या मारतो. मग जू उचललं की आपणहून मान पुढं करतो.

माझीही मान अशीच वळली होती. आमच्या सालगड्याचा मुलगा माझ्या बाकावर बसायचा. घरी आला की आई त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. मी शेजारी उभा राहून पेल्यानं प्यायचो. पाचवी ते दहावी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आई दुष्ट नव्हती. तिनं तिच्या आईला तसंच करताना पाहिलं होतं. मला तर कुणी शिकवलंही नव्हतं, नुसतं बघून अंगी लागलं.

तो मित्र आज समोर बसलाय. सकाळी मला ठसका लागला, तेव्हा त्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. मी प्यालो. तो काही बोलला नाही, मलाही बोलता आलं नाही. म्हणून आता माइकवर बोलतो. गड्या, आमचं चुकलं. माझंही चुकलं.

एसी बंद केला की तासाभरात खोली होती तशी होते. माणसाचं वळण असं बटणानं जात नाही. ज्याचं त्यानं ते मोडावं लागतं. घरी गेल्यावर एकदा माठाकडं बघा. त्यावरचा पेला सगळ्यांसाठी एकच आहे ना?